नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी थांबा: जुन्या पीसीवर लिनक्स बसवताना मी काय शिकलो



या आठवड्याच्या व्हिडिओत लिनक्सबद्दल बोललो, पण पंधरा मिनिटांत सगळं मावलं नाही. म्हणून हा धडा सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून झाली. मिरजेतल्या आमच्या बॅचला एक ताई येतात. घरून कापडी पिशव्या आणि शाळेची दप्तरं शिवतात. मुद्रा योजनेच्या शिशु गटातून कर्ज घेतलेलं. या गटात मर्यादा ५०,००० रुपयांची. एका शनिवारी क्लास संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, दुकानदार म्हणतोय तुमच्या जुन्या पीसीवर आता विंडोज ११ बसत नाही, नवीन घ्या. पस्तीस हजार सांगितलेत. घेऊ का?"

हिशेब करा. पन्नासातले पस्तीस कॉम्प्युटरला गेले तर मोटरवरचं मोठं शिलाई मशीन कशातनं घ्यायचं? हप्ता तर पुढच्या महिन्यापासून सुरू. पैसे कॉम्प्युटर कमावणार नव्हता, मशीन कमावणार होतं.

मी म्हणालो, "ताई, आठ दिवस द्या. माझ्या ऑफिसातही तसलाच पीसी आहे. आधी माझ्यावर प्रयोग करतो." मी काही कॉम्प्युटरवाला माणूस नाही. बिल, पत्रं, मेल, व्हिडिओ, एवढंच माझं काम. आठ दिवस मागितले, लागला एक महिना. त्या महिन्यात काय जमलं, काय फसलं, ते सगळं खाली देतोय.

अडचण नेमकी काय आहे?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती मुदतवाढ आहे, कायमचा इलाज नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझा पीसी चौथ्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी. म्हणजे चालू स्थितीतलं मशीन, पण अपडेट नाही.

यावर बरेच जण काय करतात? गल्लीतल्या कोणाकडून तरी 'क्रॅक' टाकून घेतात. मित्रांनो, ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, त्या मशीनवर कोणी बनवलंय ते माहीत नसलेला प्रोग्रॅम चालवायचा? दुकानाची किल्ली अनोळखी माणसाकडे देण्यासारखंच झालं ते. कायद्याच्या दृष्टीनेही चूक आणि धंद्याच्या दृष्टीनेही.

लिनक्स म्हणजे काय, थोडक्यात

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच गाभा आहे. म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताच, फक्त नाव माहीत नसतं.

आता 'उबंटू', 'मिंट', 'फेडोरा' अशी नावं ऐकून गोंधळायला होतं. आपल्या मिरजेचंच उदाहरण घ्या. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो, पण मिरजेचा कारागीर त्याला दांडी, तबली, खुंट्या लावतो, तारा चढवतो, तेव्हा तंबोरा होतो. तसा लिनक्सचा गाभा म्हणजे भोपळा, आणि मिंट किंवा उबंटू म्हणजे तयार वाद्य. गाभा तोच, कारागीर वेगवेगळे. या तयार वाद्याला 'डिस्ट्रो' म्हणतात.

मी लिनक्स मिंट घेतलं. कारण साधं आहे: खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजवरून आलेला माणूस बावरत नाही. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीन फारच हळू असेल तर त्याचीच 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्या. पैसे लागत नाहीत.

पायरी १: आधी कामांची यादी, मग कॉम्प्युटर

या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक हीच गाळतात. एक कागद घ्या. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवर काय काय केलं ते लिहा. 'ऑफिसचं काम' असं मोघम नको. प्रत्येक काम वेगळ्या ओळीत. माझी यादी अशी निघाली:

- जीमेल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, नेट बँकिंग: सगळं ब्राउझरमध्ये. लिनक्सवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही आहेत. अडचण नाही.
- कोटेशन आणि पत्रं: वर्डऐवजी लिब्रेऑफिस रायटर.
- फीची नोंद: एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस कॅल्क. साधी सूत्रं चालतात. मॅक्रो असतील तर बिघडू शकतात, तपासून बघा.
- ऑनलाइन मीटिंग: झूम आणि गूगल मीट दोन्ही चालतात.
- जाहिरातीची चित्रं: कॅनव्हा, ब्राउझरमधून.
- व्हिडिओ एडिटिंग: केडेनलाइव्ह, मोफत.
- हिशेब: टॅली. इथे गाडी अडली. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे.

यादीसमोर तीन खुणा करा: 'चालतं', 'पर्याय आहे', 'अडतं'. 'अडतं' समोर तुमचं रोजचं, पैसे आणणारं काम असेल तर इथेच थांबा. पुढे जाऊ नका. त्याबद्दल शेवटी बोलू.

पायरी २: पेनड्राइव्हवर आठवडाभर वापरा

लिनक्सची ही सोय मला फार आवडली. विंडोजला हात न लावता, पेनड्राइव्हवरून अख्खी सिस्टीम चालवून बघता येते. गाडी घेण्याआधी फेरी मारतो ना, तसं.

१. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा. साधारण ३ जीबीची असते. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका.
२. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा.
३. 'रुफस' किंवा 'बॅलेना एचर' हा मोफत प्रोग्रॅम वापरून आयएसओ पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही.
४. पीसी रीस्टार्ट करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण दाबा. कंपनीनुसार ते एफ१२, एफ९ किंवा एस्केप असतं.
५. पेनड्राइव्ह निवडा. दोन-तीन मिनिटांत मिंटचा पडदा समोर येतो.

आता इन्स्टॉल करू नका. आधी तपासा: वायफाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर ओळखला का? बारकोड स्कॅनर असेल तर तो लावा. यूएसबीचे बहुतेक स्कॅनर कीबोर्डसारखेच वागतात, त्यामुळे लगेच चालतात. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

माझ्या पीसीचं वायफाय लागलं नाही. घाबरलो. मग कळलं, अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून 'टेदरिंग' चालू केलं की इंटरनेट मिळतं. नंतर इन्स्टॉल झाल्यावर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर शोधून दिला. एवढंच होतं.

पायरी ३: बॅकअप, आणि माझी मोठी चूक

आता जे सांगतो ते दोनदा वाचा.

माझ्या पीसीवर सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह होते. विंडोज सी मध्ये, माझ्या फाइली डी मध्ये. वर्षानुवर्षं ऐकलेलं, "सी फॉरमॅट झाला तरी डी सुरक्षित असतो." त्या भरवशावर सी मधलं डेस्कटॉपचं सामान पेनड्राइव्हवर घेतलं आणि डी तसाच ठेवला. इन्स्टॉल करताना पर्याय आला: 'इरेज डिस्क'. म्हटलं, सी पुसेल. दिलं बटण दाबून.

सी आणि डी या दोन हार्डडिस्क नव्हत्याच. एकाच हार्डडिस्कचे दोन कप्पे होते. 'इरेज डिस्क' म्हणजे अख्खी डिस्क. दोन वर्षांच्या बॅचची फीची वही, कोणाचे किती बाकी, कोणाचा दुसरा हप्ता कधी, सगळं गेलं. काही फाइली मेलमध्ये सापडल्या कारण त्या कधीतरी अकाउंटंटला पाठवल्या होत्या. बाकीच्यांना एकेक फोन केला. "तुमचे किती बाकी आहेत हो?" असं ग्राहकालाच विचारायची वेळ आली. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काहींनी सांगितलं नसेल तर ते मला कधीच कळणार नाही.

दोष लिनक्सचा नव्हता, माझा होता. नियम लिहून ठेवा:

- सगळ्या ड्राइव्हमधला सगळा कामाचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या.
- महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.
- बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नाही.
- विंडोजही ठेवायचं असेल तर 'विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल' हा पर्याय निवडा. मग सुरू होताना दोन्हींपैकी एक निवडता येतं. डिस्कवर तेवढी मोकळी जागा हवी, आणि बॅकअप तरीही हवाच.

पायरी ४: इन्स्टॉल आणि पहिली तासाभराची कामं

इन्स्टॉल करायला अर्धा तास लागतो. भाषा, कीबोर्ड, नाव, पासवर्ड विचारतं. पासवर्ड वहीत लिहा, तो वारंवार लागतो. नंतर:

- अपडेट मॅनेजर उघडून सगळी अपडेट घ्या.
- 'टाइमशिफ्ट' चालू करा. सिस्टीम बिघडली तर कालच्या स्थितीला परत नेता येते. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र हा घेत नाही, तो वेगळाच घ्यायचा.
- नवीन प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, फोनच्या प्ले स्टोअरसारखं आहे.
- इंटरनेटवर कोणीतरी दिलेली काळ्या पडद्यावरची कमांड न समजता चिकटवू नका.

पायरी ५: मराठीचं काय?

मराठी दिसायला अडचण नाही, देवनागरी फॉन्ट सोबत येतात. लिहायला कीबोर्ड सेटिंगमधल्या 'लेआउट' मध्ये जाऊन मराठी जोडायचं. दोन प्रकार आहेत: इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी टायपिंगचा प्रमाण आराखडा, आणि कगप, जो उच्चाराप्रमाणे चालतो. इंग्रजीत 'नमस्कार' टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल तर कगप शिकायला सोपा. मला आठ दिवस लागले. सुरुवातीला चिडचिड होते, धीर धरा.

खरी अडचण जुन्या फाइलींची. माझी २०१० च्या आसपासची पत्रकं उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांची खिचडी! कारण असं: श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या जुन्या पद्धतीत आतून इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात आणि फॉन्ट वरून मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये 'क' हा आतूनही 'क' असतो, त्यामुळे तो कुठेही वाचता येतो.

उपाय: जुनी मशीन चालू असतानाच अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ काढून ठेवा. ज्या फाइलीत पुन्हा बदल करायचे आहेत त्या फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि नजरेखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार चुकतात. छापखाना, लग्नपत्रिका, फ्लेक्स असं काम असेल आणि रोजचं काम कोरल ड्रॉ व जुन्या फॉन्टवर चालत असेल, तर लिनक्स तुमच्यासाठी नाही. स्पष्ट सांगतो.

पायरी ६: प्रिंटर, फाइली आणि हिशेब

प्रिंटर: अलीकडचे वायफाय प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात. जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरचं सांगता येत नाही. म्हणूनच पेनड्राइव्हवर असतानाच प्रिंट काढून बघा, असं वर म्हटलं.

फाइली: वर्डमध्ये बनवलेलं कोटेशन लिब्रेऑफिसमध्ये उघडलं की ओळी थोड्या सरकतात, कारण फॉन्ट बदलतात. ग्राहकाला नेहमी पीडीएफ पाठवा. तसंही कोटेशन पीडीएफमध्येच पाठवायला हवं, नाहीतर समोरचा आकडा बदलू शकतो.

हिशेब: टॅलीबाबत अकाउंटंटशी बोललो. ते म्हणाले, "तुम्ही कुठे एंट्री करत बसता? महिन्याची विक्री-खरेदीची शीट द्या, टॅली माझ्याकडे आहेच." इतकी वर्षं मी निम्मं काम दोनदा करत होतो, हे लिनक्समुळे कळलं! ज्यांना स्वतः हिशेब ठेवायचाय त्यांच्यासाठी जीएनयूकॅश मोफत आहे. धंदा वाढला तर ईआरपीनेक्स्ट हे खुलं सॉफ्टवेअर आहे, आणि ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलंय. आपल्या महाराष्ट्रातलं, जगभर वापरलं जाणारं. नवख्याने मात्र एकदम तिकडे उडी मारू नये.

उद्यम नोंदणी ब्राउझरमधून होते, मोफत. जीएसटी रिटर्न एकल मालकीचा धंदा असेल तर ओटीपीने भरता येतं.

कोणी लिनक्सवर जाऊ नये?

- आपले सरकार सेवा केंद्र किंवा आधारवर अंगठा घेऊन पैसे देण्याचं काम करणारे. अंगठ्याच्या मशीनची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात.
- ज्यांना टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन रोज लागतो. लिनक्सवर ते जमवायला डोकेदुखी होते.
- कोरल ड्रॉ, फोटोशॉपवर पोट असलेले.
- ज्यांच्या मोठ्या ग्राहकाने ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरच वापरायची अट घातलीय.

यात कमीपणा काही नाही. ज्या मशीनवर पैसा येतो त्याच्यावर प्रयोग करायचे नसतात. दोन मशीन असतील तर एकावर विंडोज राहू दे, दुसऱ्यावर लिनक्स टाका.

खर्चाचा हिशेब

माझा खर्च: लिनक्स शून्य रुपये. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि ४ जीबी रॅम वाढवली, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. तुमच्या वेळी भाव बदललेले असतील, विचारून घ्या. खरं सांगायचं तर वेग वाढला तो जास्त करून एसएसडीमुळे.

आणि वेळ? माझे चार रविवार. वेळेचीही किंमत असते, ती धरा. त्याशिवाय बुडालेली फी, जी बॅकअप न घेतल्याची फी होती. तरीही नवीन पीसीच्या मानाने मी फायद्यात राहिलो.

ताईंच्या पीसीवर मग दोघांनी मिळून लिनक्स बसवलं. या वेळी बॅकअप आधी. त्यांच्या यादीत आठ कामं होती, सात चालली. एक अडलं: त्यांचा जुना लेझर प्रिंटर काही केल्या चालेना. पिशव्यांची लेबलं त्या आता जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणतात. महिन्याला एक फेरी. पस्तीस हजार वाचले त्यातून मोठं मशीन आलं. परवा भेटल्या तेव्हा कॉम्प्युटरबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत, दप्तरांच्या ऑर्डरबद्दलच बोलत होत्या. मला वाटतं हेच बरोबर आहे. कॉम्प्युटर धंद्यासाठी असतो.

गृहपाठ

१. कामांची यादी लिहा आणि तीन खुणा करा.
२. 'अडतं' असलेल्या प्रत्येक कामापुढे लिहा: हे काम मीच, याच मशीनवर करायला हवं का? की अकाउंटंट, झेरॉक्सवाला, फोन यांपैकी कोणाकडून होईल?
३. लिनक्स वापरा किंवा नका वापरू, आज रात्री बॅकअप घ्या आणि उद्या सकाळी तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

तिसरा प्रश्न सगळ्यांना सक्तीचा. पुढच्या व्हिडिओत बघू, मोफत साधनांनी कोटेशन आणि बिल कसं बनवायचं. तोपर्यंत भांडवल जपून वापरा. भेटूया!